शिसवी पलंग

लहानांनो आणि थोरांनो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. एका नगराच्या वेशीत, कमानीखालच्या फरशीवर सुंद्रा आणि भिवरा राहत होत्या. दोघींना घर नव्हतं, गणगोत नव्हतं. बारा वर्षं त्यांनी एका घोंगडीत काढली. एकीचा डोळा लागला की दुसरी गाठोडी राखायची.

पुढे राणीला बेघरांची कणव आली. तिने वेशीबाहेर एकेका खोलीची घरं बांधायला काढली. पण नुसत्या चार भिंतींत संसार कसा मांडायचा? तेव्हा कोंडाजी नावाचा म्हातारा सुतार पुढे आला. तो घरोघर हिंडून लोकांनी दिलेलं जुनं सामान आणायचा, ठाकठीक करायचा आणि ज्याला घर मिळेल त्याला फुकट द्यायचा. जे हाती येईल ते, ज्याची पाळी असेल त्याचं.

पहिलं घर सुंद्राला मिळालं. कोंडाजीने तिला काथ्याची बाज दिली, पाट दिला, एक फडताळ दिलं. बाजेवर हात फिरवता फिरवता सुंद्रा आनंदाने रडली.

चार महिन्यांनी शेजारचं घर भिवराला मिळालं. नेमका त्याच आठवड्यात एका सरदाराने आपला शिसवी पलंग दान केला होता. चारही खुरांवर मोर कोरलेले. तो पलंग भिवराकडे गेला.

सुंद्राने तो पाहिला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. "छान आहे हो," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिची बाज करकरायला लागली. काथ्या टोचायला लागला. फडताळ वाकडं दिसायला लागलं. भाकरी थापतानाही डोळ्यांपुढे ते मोर. 'घर आधी मला, आणि पलंग हिला?' भिवरा प्रेमाने ताक घेऊन आली, तर सुंद्राला वाटलं, ही तोरा मिरवायला आली.

एका सकाळी ती भिवराकडे गेली. भिवरा जमिनीवर झोपली होती, पलंग रिकामा होता.

"अगं, खाली का?"

"झोपच येत नाही गं वर," भिवरा हसली. "इतकी वर्षं दगडावर काढली. होईल हळूहळू सवय."

सुंद्रा तडक कोंडाजीकडे गेली. "बाबा, तुम्ही एवढा पलंग दिलात, पण ती त्याला शिवतसुद्धा नाही. विकायला काढलाय तिने. गिऱ्हाईक बघतेय."

कोंडाजीला फार लागलं. कितीतरी माणसं सामानाची वाट बघत होती. भिवराला एका शब्दाने न विचारता त्याने पलंग उचलून नेला आणि पुढच्या पाळीच्या माणसाला दिला. सुंद्राच्या हाती काहीच आलं नाही. तरी त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी भिवराचं दार सताड उघडं होतं. पाट, हंडा, सगळं जागच्या जागी. भिवरा मात्र नव्हती. सुंद्रा धावत वेशीत गेली. भिवरा कमानीखाली बसली होती.

"अगं, परत इथे?"

"आज पलंग नेला, उद्या घर नेतील," भिवरा म्हणाली. "कुणी हाताला धरून बाहेर काढण्याआधी आपणच निघालेलं बरं. तू जा, तुझं घर सांभाळ."

सुंद्रा तिच्याशेजारी फरशीवर बसली. "कुणी घर नेणार नाही गं. मीच कोंडाजीबाबांना खोटं सांगितलं. मला बघवलं नाही."

भिवरा म्हणाली, "मागितला असतास, तर दिला असता की."

सुंद्राकडून खरं कळल्यावर कोंडाजी स्वतः वेशीत आला. त्याने हात जोडून माफी मागितली आणि भिवराला घरी नेलं. ती आली, राहिली, रुळली. सुंद्रा दिसली की दोन शब्द बोलायची. पण सुंद्राच्या बाजूची खिडकी तिने पुन्हा कधी उघडली नाही.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या पदरात काय पडलं याचा हेवा करणारा आपलं जिवाभावाचं माणूस गमावून बसतो.