उलटी लागलेली नागवेल

भक्तजनहो, श्रीदयाळगीर महाराज त्या काळी सावळदरीला मुक्कामाला होते. डोंगराच्या पोटाशी वसलेले हे वऱ्हाडातले गाव, आणि गावाची सगळी पत पानमळ्यांवर. शेवरीच्या उंच झाडांवर चढवलेल्या नागवेली, खाली गार ओलसर सावली, आणि आत जायचे ते पायातले काढून, वेलीला हात जोडून. महाराज ओढ्याकाठच्या मठीत राहत. भोळ्याभाबड्या माणसांवर त्यांची अशी माया, की सांगता सोय नाही!

मठी झाडायला रोज पहाटे एक बाई येई. तिचे नाव पुंजाबाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नत्थूजींच्या पानमळ्यात पाने खुडून ती पोट भरी. हे नत्थूजी म्हणजे गावातले सर्वांत मोठे पानमळेवाले. सात मुलगे, सात सुना, नातवंडांनी अंगण भरलेले. देवाने भरभरून दिले होते, पण त्या देण्याचा ताठा मानेत असा काही भिनला होता, की देवळातसुद्धा ती पुरती वाकत नसे.

आता या गावची एक रीत होती. नागवेल बी धरत नाही. जुन्या वेलीचा तुकडा तोडायचा, तो मातीत टेकवायचा, त्याच्या पेरांना मुळे फुटली की नवी वेल. या तुकड्याला बेणे म्हणतात. नव्या मळ्यातले पहिले बेणे पाच लेकुरवाळ्या बायकांनी लावायचे. पुंजाबाईसारखीने त्या दिवशी बांधाबाहेर उभे राहायचे. तीही बिचारी वर्षानुवर्षे मुकाट्याने उभी राही.

पण एका चैत्रात काय झाले, पाचवी सवाशीण उन्हाने घेरी येऊन खालीच बसली. तिच्या हातातले बेणे तापल्या वाफ्यात पडले. बेणे वाळेल या भीतीने पुंजाबाई धावली आणि तिने ते मातीत टेकवले. तिच्या मनात दुसरे काही नव्हते हो! नत्थूजींनी मात्र ते पाहिले आणि मनात ठेवले.

त्याच वर्षी पौषात असे हिव पडले, की म्हाताऱ्यांनीही कधी पाहिले नव्हते. एका सकाळी गाव उठून मळ्यांत गेले तर वेली काळ्या पडून लोंबत होत्या. एकाही मळ्यात हिरवे पान नाही! आसपासच्या गावांतही तीच गत. लांबून बेणे आणले, पाच लेकुरवाळ्यांनी लावले, तेही कुजले. वेलीला बी असते तर पेरले असते. आता पेरायचे काय? वाडवडिलांपासून चालत आलेली वेल आपल्या डोळ्यांदेखत संपली, या विचाराने माणसे मळ्यांत बसून रडू लागली.

दुःखाला कोणीतरी गुन्हेगार लागतो. नत्थूजींनी पारावर पंच बोलावले.

"वांझेचा हात लागला वेलीले, म्हणून गावावर हे आलं," ते गरजले. "काढा तिले गावाबाहेर!"

पुंजाबाई पाराखाली उभी होती. या गावात तिची एक झोपडी आणि महाराजांचे अंगण, एवढेच तिचे होते. ती म्हणाली, "मी जाऊ कोठी, जी? माहेरी कोणी उरलं नाही. अन् महाराजांची मठी कोण झाडंल?"

तेवढ्यात लोक बाजूला सरले आणि महाराज आले. त्यांच्या हातात हिवाने करपलेल्या वेलीचा एक काळा तुकडा होता.

महाराज म्हणाले, "नत्थूजी, हे बेणे पुंजा तुमच्या मळ्यात लावेल. होळीपर्यंत फुटले नाही तर ती गाव सोडेल, आणि तिच्याबरोबर मीही जाईन."

नत्थूजी हसले. "मेलेलं बेणं अन् वांझेचा हात! लावू द्या, महाराज. आमचं काय जाते?"

पुंजाबाईने नत्थूजींच्या मळ्यात जाऊन वाफा उकरला. डोळ्यांतल्या पाण्याने तिला धड दिसत नव्हते. महाराजांचे नाव घेऊन तिने तुकडा मातीत रोवला, पाणी घातले आणि नमस्कार केला. मागून नत्थूजींचा खो खो हसण्याचा आवाज आला.

"अवं, उलटं लावलं तुनं! शेंडा मातीत अन् बूड आभाळात! जन्म गेला पानमळ्यात, अन् इतकं समजत नाही?"

पुंजाबाईने वाकून पाहिले. खरेच होते. पेरांवरचे डोळे, जिथून कोंब फुटतो ते, खाली तोंड करून होते. पानमळ्यातल्या पोरीबाळीही करणार नाहीत अशी चूक तिच्या हातून झाली होती! ती धावत मठीत आली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली.

"महाराज, घात झाला माह्या हातून. उपटून सरळ लावू का?"

"पुंजा, ते तू कोणाच्या नावाने लावलेस?"

"तुमच्या, महाराज."

"मग आता ते उपटायचा अधिकार तुला नाही," महाराज हसून म्हणाले. "तू फक्त पाणी घाल."

तिने पाणी घातले. रोज सकाळ-संध्याकाळ ओढ्यावरून घागर आणायची, वाफ्यात ओतायची, आणि त्या काळ्या काडीपाशी हात जोडून बसायचे. माघ सरला, फाल्गुन लागला. काडी होती तशीच. येणारे-जाणारे विचारीत, "काय वं पुंजे, झालं का बारसं?" ती मान खाली घाले. एका रात्री तिने नेसूचे सोडून उरलेले आपले एकच लुगडे धुऊन गाठोड्यात बांधूनही ठेवले. पण पाणी चुकवले नाही.

होळीच्या दिवशी सकाळी नत्थूजी सातही मुलांना घेऊन मळ्यात आले. सारे गाव बांधावर जमले. महाराज शेवरीखाली शांत बसले होते. त्यांच्यापाशी गाठोडे घेऊन पुंजाबाई.

"पाहा रे सारे," असे म्हणत नत्थूजींनी काडीला हात घातला आणि ओढली.

काडी येईना! त्यांनी जोर लावला. ती वितभर वर आली आणि तिच्यामागून माती फुटली. आत पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचे जाळे होते. शेंडा खाली गेला होता खरा, पण तो मातीतच वळला होता आणि आडवा धावला होता. नत्थूजींनी हाताने माती सारली. वेल पुढे गेलेली. आणखी सारली. आणखी पुढे. पेरापेराला मुळ्या, पेरापेराला तांबूस कोवळा कोंब, मातीबाहेर यायला टेकलेला!

"टोक पाहा रे तिचं," नत्थूजी पुटपुटले. मुलगे खाली बसून माती बाजूला करू लागले. एका शेवरीपासून दुसरीपर्यंत, दुसरीपासून तिसरीपर्यंत, साऱ्या ओळी ओलांडून वेल मातीखालून गेली होती. जिथे जिथे जुनी वेल मेली होती, तिथे तिथे तिचा कोंब उभा होता. मळा संपला, बांध लागला, तरी वेल चाललीच होती, शेजारच्या मळ्यात. भक्तजनहो, तिचे टोक कोणाला सापडले नाही! बांधावरची माणसे एकेक करून गुडघ्यांवर बसली.

नत्थूजी मातीने भरलेले हात घेऊन तसेच महाराजांपाशी आले आणि पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"या वेलीला बी नाही, नत्थूजी. तुमच्या खापरपणज्याने लावलेली तीच वेल हातोहात इथवर आली. तिला कोणी वांझ म्हटले का? बेणे माझे नाही. ज्याचे आहे त्याच्याकडे मागा."

नत्थूजी वळले.

"पुंजाबाई... गावाले बेणं देशीन?"

पुंजाबाईने गाठोडे खाली ठेवले. ती वाफ्यात उतरली, कोंबासह पेरे हलक्या हाताने तोडली, प्रत्येकावर ओली माती बसवली आणि पदरात घेतली. पहिले तिने नत्थूजींपुढे धरले.

"घ्या, जी. माही लेक हाये. नांदवजा नीट. पाण्याले उपाशी ठेवू नका."

मग दुसऱ्या घराला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. सावळदरीतल्या घरोघरी त्या दिवशी पुंजाबाईची लेक नांदायला गेली. देता देता ती हसत होती आणि रडत होती, आणि महाराजांचेही डोळे भरून आले होते.

नत्थूजींनी हातातली वेल पागोट्यात जपून ठेवली. मग सात मुलांच्या देखत, साऱ्या गावादेखत, देवळातही न वाकणारी ती मान पुंजाबाईच्या चिखलाने भरलेल्या पायांपर्यंत वाकली.

"पाया पडतो, विहीणबाई," ते म्हणाले.