झाकणावरचं नाव

"एकतीस?" बाईंनी विचारलं.

"एकतीस!" प्रणित म्हणाला. "एका गाठीत, बाई! लोकांना दोन सापडतात, फार तर चार. मला एकतीस!"

बाई पावटे सोलत होत्या. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले.

आता हा प्रणित वाघचौरे म्हणजे शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात अन्ननलिकेच्या कॅन्सरवर संशोधन करणारा डॉक्टर. हुशार, त्यात वादच नाही. पण ती हुशारी त्या दिवशी अंगात मावत नव्हती. आणि बाई म्हणजे यमुनाबाई हर्डीकर. चाळीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी गाठींची निदानं केली, डॉक्टरांच्या पिढ्या शिकवल्या, आणि आता वाईजवळ दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या.

घरात देव नव्हते. खिडकीत एक पत्र्याचं जुनं झाकण उताणं ठेवलेलं असायचं आणि त्यात रोज एक ताजं फूल. विद्यार्थी चिडवायचे, बाईंचा देव असा चपटा कसा? बाई हसायच्या. सांगायच्या मात्र नाहीत.

प्रणितने आपला पेपर त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्याच पानावर बाईंचं नाव घालून आभार मानले होते. शाबासकीसाठी माणूस दीड तास गाडी चालवत आला होता.

"समजावून सांग," बाई म्हणाल्या. "मी सगळं विसरले असं धर."

"प्रत्येक पेशीत ताकद तयार करणारे बारीक कण असतात. मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा स्वतःचा निराळा डीएनए असतो. कॅन्सर झाला की त्यात बदल होतात. मी पेशंटच्या रक्तातला डीएनए वाचला, गाठीतला वाचला आणि शेजारी शेजारी ठेवले. एकतीस ठिकाणी फरक!"

"हा डीएनए येतो कुठून?"

"आईकडून. फक्त आईकडून. बाई, हे तर पहिल्या वर्षाचं झालं."

"असू दे. गाठ कोणाची?"

"सुंद्राबाई कोळपे. फलटणकडच्या आहेत, मेंढरं राखतात. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. अन्ननलिका काढून टाकणार."

"तिच्या आईचं नाव काय?"

प्रणितला हसू आलं. म्हातारी खरंच विसरायला लागली की काय!

"ते कशाला लागतंय, बाई?"

बाईंनी आणखी एक शेंग सोलली.

"हे बदल गाठीतल्या काही पेशींत आहेत आणि काहींत नाहीत, असं आहे का?"

"नाही ना! तीच तर गंमत. सगळेच्या सगळे, शंभर टक्के."

"निरोगी माणसांत सापडतात हे बदल?"

"एकेकटा सापडतो की. त्यात काय विशेष?"

"आणि एकतीसच्या एकतीस एकत्र?"

प्रणितने लॅपटॉप उघडला. हे त्याने पाहिलंच नव्हतं. शंका आली असती तर पाहिलं असतं. पण गेले दोन आठवडे तो आनंदातच इतका गुंतला होता की शंकेला शिरायला जागाच नव्हती. निरोगी लोकांच्या डीएनएची भलीमोठी यादी असते, ती त्याने चाळली. पुन्हा चाळली.

"सापडतात," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "एकाच घराण्यात. म्हणजे... एका आईच्या लेकीबाळींत."

"वाघचौरे," बाई म्हणाल्या, "कॅन्सर पेशीचं वाटेल ते करील. तिला वेडीवाकडी वाढवील, मरायचं विसरायला लावील. पण तिची आई बदलील का रे?"

...

अंगणात कोणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं. प्रणितला तेवढंच ऐकू आलं.

"गाठीचा हा तुकडा सुंद्राबाईंचा नाही," तो म्हणाला.

"त्या दिवशी आणखी कोणाचा काढला होता?"

"हौसाबाई भोई. दोघींनाही घास उतरत नव्हता. दोघींच्याही नळीत जागा अरुंद दिसली होती. हौसाबाईंचा रिपोर्ट साधा आला. नुसती सूज. गोळ्या देऊन घरी पाठवलं."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

एकीला नसलेल्या कॅन्सरसाठी उद्या कापणार होते. आणि दुसरी आपल्या घरी बसून, कॅन्सर घेऊन, सूज उतरायची वाट पाहत होती.

"नावं कुठे लिहिली होती?" बाईंनी विचारलं.

प्रणितने लॅपटॉप मिटला. बाईंच्या पहिल्याच तासाचं पहिलं वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होतं. नाव तुकड्याच्या डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर कधीही नाही.

"चिकटपट्ट्या संपल्या होत्या, बाई. मी झाकणांवर पेनाने लिहिलं. मला अभ्यासासाठी दोन्ही डब्यांतला एकेक कण हवा होता, म्हणून दोन्ही एकदम उघडल्या. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत झाकणं लावली, आणि मग झाकणं वाचून माझे कण घेतले... मला वाटलं, एका दिवसाने काय होतंय."

बाई रागावतील म्हणून तो मान खाली घालून बसला. त्या रागावल्या नाहीत.

"हौसाबाईंचं रक्त आणून ताडून पाहिलं की नक्की कळेल," तो घाईघाईने म्हणाला. "आठवडाभर लागेल. खात्री झाल्याशिवाय उगाच बोभाटा कशाला? मी गुपचूप तपासून घेतो आणि मग..."

"ऑपरेशन कधी म्हणालास?"

"उद्या आठला."

हे शब्द त्याचे त्यालाच ऐकवेनात. मग मात्र त्याचा बांध फुटला.

"बाई, मी तोंड उघडलं की संपलो हो! पेपर गेलाच, नोकरीही जाईल. आई गावभर सांगत फिरतेय, माझा प्रणू कॅन्सरचा शोध लावतोय. तिला काय सांगू?"

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खिडकीपाशी गेल्या. झाकणातलं तगरीचं फूल अलगद काढून त्यांनी ओंजळीत धरलं. झाकण उलटलं, पदराने पुसलं आणि आणून प्रणितच्या पेपरवर ठेवलं, बरोबर आभाराच्या पानावर.

इतक्या वर्षांत झाकणाची ही बाजू त्याने पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती.

पुसट झालेल्या काळ्या शाईत एक नाव होतं. कृष्णाबाई महादू जगधने. वय चौतीस.

नावातला तो लांब शेपटीचा 'ण' त्याने फळ्यावर शेकडो वेळा पाहिला होता. बाईंचं अक्षर, डबीच्या झाकणावर.

...

बाई समोर उभ्याच होत्या, फूल ओंजळीत धरून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

प्रणितने फोन काढला. सर्जनचा नंबर दोनदा चुकला.

"इनामदार सर, वाघचौरे बोलतोय. सुंद्राबाई कोळप्यांचं उद्याचं ऑपरेशन थांबवा... नाही सर, पेशंट ठीक आहेत. तुकड्यांची अदलाबदल झालीय, जवळजवळ नक्कीच. दोघींचेही नव्याने घ्यावे लागतील... माझ्याकडून सर. चूक माझी आहे. हो, लेखी देतो. हौसाबाईंना मी स्वतः घेऊन येतो, आत्ताच निघतोय."

फोन ठेवला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. पण श्वास मात्र आत्ता कुठे नीट आत गेला.

बाईंनी त्याला पाणी दिलं. गार, तांब्यातलं. तो गटागटा प्यायला आणि मध्येच थबकला. घोट सहज खाली उतरला होता. त्याने गळ्याला हात लावला.

"पी, पी," बाई म्हणाल्या. "आणि हौसाबाईच्या घरी गेलास की आधी तिच्याजवळ बस. लगेच रिपोर्टचं काढू नकोस. ती काय खाते, कसं उतरतं, ते विचार. तिच्या आईचंही विचार."

त्याने मान हलवली. बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

पेपर तसाच पडला होता. त्याने तो उचलला नाही. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि मागे वळला.

"बाई... तेव्हा तुम्हाला कधी कळलं?"

बाईंनी झाकण पुन्हा उताणं केलं. खिडकीत ठेवलं. त्यात तगरीचं फूल ठेवलं, थोडं सरळ केलं.

"तू वेळेत आलास, प्रणित," त्या म्हणाल्या. "पळ आता."