काखेतला पाट

एका गावात गुराढोरांचे दुखणे बरे करायला शिकवणारी एक शाळा होती. तिचे गुरुजी म्हातारे, हाताला गुण असलेले, पण जरा तापट.

त्या शाळेची एक रीत होती. पशुवैद्यकी अर्धी शिकून झाली की हुशार शिष्याला तिच्या जोडीला आणखी एक विद्या घेता येई. समोर दोन ओटे होते. एकावर नवी औषधे शोधण्याची विद्या शिकवत, दुसऱ्यावर रोगांच्या साथी ओळखण्याची आणि अडवण्याची. शिष्याने आपला बसायचा पाट उचलून हव्या त्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवस मावळला, की ज्याचा पाट काखेत राहिला त्याला जोडविद्या नाही. पुन्हा संधीही नाही.

गुरुजींची एक फार हुशार शिष्या होती. तिने पाट उचलला आणि तिथेच घोडे अडले.

सकाळी ती औषधांच्या ओट्याकडे जाई. "राजदरबारी शाल मिळते म्हणे," असे पुटपुटे, पण पाट न ठेवताच दुपारी परत येई. मग साथींच्या ओट्याकडे जाई. "गावोगाव लोक नाव काढतात म्हणे," असे स्वतःला सांगे, पण संध्याकाळी तशीच परत येई. तिने न्हाव्याला विचारले, गुरवाला विचारले, पाणवठ्यावरच्या बायकांना विचारले. प्रत्येकाने वेगळेच सांगितले आणि तिला प्रत्येकाचे पटले.

"गुरुजी, दोन्हींत चांगली कोणती?"

"दोन्ही चांगल्या."

"पण जास्त चांगली?"

"अगं बाई, पाट ठेव कुठेतरी! काखेत घट्टा पडेल!"

"पण चुकीच्या ओट्यावर ठेवला तर?"

गुरुजी कपाळाला हात लावून गोठ्यात निघून जात. तिथे निदान म्हशी तरी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत नसत.

शेवटचा दिवस उजाडला. दुपार कलली तरी शिष्या पाट घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात एक शेतकरी दोन बैल घेऊन आला, एक तांबडा, एक पांढरा.

"वैद्यबाई, माझ्या जोडीतला एक बैल गेला. उद्या पोळ्याला जोडी उभी करायचीय. व्यापाऱ्याने हे दोन दाखवायला दिलेत. कोणता घेऊ?"

शिष्येने पाट बाजूला ठेवला. दोन्ही बैलांचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, खांद्यावरून हात फिरवला. मग तिने इकडेतिकडे पाहिले.

"घरचा बैल कुठाय?"

"घरीच बांधलाय."

"मग मी काय सांगू, कपाळ?" शिष्या कडाडली. "दोन्ही बैल चांगले आहेत हो! पण जू कोणाच्या शेजारी ठेवायचंय? तो संथ चालतो की झपझप, ते बघायला नको? आधी त्याला आणा, मग दोघांना त्याच्या शेजारी चालवून बघू. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

शेतकरी खाली मान घालून घरचा बैल आणायला गेला. ओसरीवरून गुरुजी मात्र ताडकन उठले.

"काय म्हणालीस? परत म्हण!"

"घरचा बैल आणा म्हणाले."

"आणि तुझा कुठाय? महिनाभर बाजार फिरलीस, याला विचार, त्याला विचार! घरचा दावणीलाच!"

"माझा कुठला बैल, गुरुजी?"

"जी विद्या शिकायला आलीस ती! ती तुझ्या हातून कशी चालते, ते बघितलंस कधी?"

तिला आठवले, काढा आटवायला बसवले की तो करपायचाच, कारण कुठे गाय हंबरली की ती काढा सोडून पळायची. आणि एका गायीला औषध पाजून ती लगेच शेजारच्या गोठ्यात डोकावायची. तिथली गुरे कुठले पाणी पितात, घरात कोणाला ताप आहे का, हे विचारल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

तिने पाट उचलला आणि साथींच्या ओट्याकडे धूम ठोकली.

ओटा खच्चून भरला होता. तिथल्या गुरूंनी मावळतीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"आत्ता सुचलं होय? वर तिळाइतकी जागा नाही. अंगणात बसायचं असेल तर बस."

सूर्य टेकायच्या आत तिने अंगणात पाट ठेवला. पुढे वर्षभर ऊन अंगावर घेत, पायांत घोटाळणाऱ्या कोंबड्या हाकलत ती तिथेच शिकली. चांगली शिकली. पण कोणी पाट काखेत घेऊन फिरताना दिसला, की गुरुजींपेक्षा तीच जास्त चिडायची.

तात्पर्य: जोडीचा बैल निवडायला निघालात, तर घरचा बैल बरोबर न्या, आणि ओटा भरायच्या आत न्या.