कानाने मोजलेले कापड

दोष भद्रसालाचा होता. राजाचा नव्हता, अमात्याचा नव्हता, नशिबाचा तर मुळीच नव्हता. गल्लीतले म्हातारे पुढे नशिबाच्या नावाने सुस्कारे टाकीत राहिले, कारण भद्रसाल बोलत असताना माना डोलावणारे तेच होते.

वाराणसीत ब्रह्मदत्ताचे राज्य चालू होते त्या काळी बोधिसत्त्व विणकरांच्या गल्लीत भद्रसालाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव धवल. भद्रसाल हा गल्लीचा ज्येष्ठक, म्हणजे सगळ्या विणकरांचा प्रमुख. कोणी किती विणायचे आणि कोणाचा माग गल्लीत राहायचा हे तोच ठरवी.

काम मोजण्याची भद्रसालाची एक रीत होती. ती त्याला बापाकडून मिळाली होती, बापाला त्याच्या बापाकडून. त्यामुळे ती बरोबर आहे की चूक, हे विचारायचे कोणाला सुचले नव्हते. सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी निंबाखालच्या कट्ट्यावर येऊन बसे, डोळे मिटून घेई आणि ऐके. विणकर धोटा फेकतो आणि फणी ओढून धागा ठोकतो. तो ठोका गल्लीभर जातो. कोणता ठोका कोणत्या घरचा, हे भद्रसाल अचूक सांगे. ज्या घरातला ठोका थांबला त्या घरातला माणूस आळशी. विषय संपला. कापड बघायला तो कट्ट्यावरून कधी उठला नाही.

धवलचा माग दिवसातून अनेकदा थांबे. धागा तुटला की तो सावकाश सांधी. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कोरडा पडला की त्याला खळ लावी आणि ती वाळेपर्यंत वाट पाही. आणि दुपारी, उन्हाने सूत ठिसूळ होते त्या वेळी, तो चटईवर आडवा होई आणि चक्क झोपे.

“धवल!” कट्ट्यावरून हाक येई. “मेलास की काय?”

“झोपलोय, बाबा.”

“ऐका रे! ज्येष्ठकाचा मुलगा दिवसाढवळ्या झोपतो.”

“ऐकून काय करतील? घोरत नाही मी.”

गल्ली हसे. भद्रसालही मिशीत हसे. मुलगा एकुलता एक होता, आणि बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच होता. संध्याकाळी दोघे एकत्र जेवायला बसत तेव्हा भद्रसाल बोटांनी पाटावर कोणाकोणाचे ठोके वाजवून दाखवी आणि धवल नावे ओळखी. दोघांनाही तो खेळ आवडे.

मग एके दिवशी राजाचा अमात्य गल्लीत आला. त्याने आडपडदा न ठेवता सांगितले, “भरुकच्छ बंदरातले व्यापारी आता वंगदेशाचं कापड उचलतात. तिकडे एक जण विणतो तेवढं आपल्याकडे दोघे विणतात. कापड घटलं की जकात घटते, जकात घटली की तळी कोरडी आणि रस्ते मोडके. राज्य तुमच्या धाग्यावर उभं आहे. बोला ज्येष्ठक, काम वाढवणार कसं?”

भद्रसालाने क्षणभरही विचार केला नाही. “आजपासून माझ्या गल्लीत माग थांबणार नाही,” तो म्हणाला. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकानेही कित्येक वर्षांत धोटा हातात धरला नव्हता.

हुकूम झाला. ज्याचा माग गप्प राहील त्याच्या मागाचे खुंट उपटायचे. खुंट उपटले की माणूस गल्लीतून बाहेर.

माणसे खुळी नसतात. ज्याचे मोजमाप होते तेच ती देतात. विणकरांनी ठोके द्यायला सुरुवात केली. धागा तुटला तरी सांधायला कोणी थांबेना. तो तसाच सोडून पुढे ठोकायचे. जेवायला उठायचे तर घरातल्या कोणालातरी बसवायचे आणि रिकाम्या ताण्यावर फणी आपटत ठेवायची. गल्ली कधी नव्हे इतकी दणाणू लागली. भद्रसाल डोळे मिटून तृप्त बसे.

“बाबा,” धवल एकदा जेवताना म्हणाला, “तुम्ही कापड ऐकता. एकदा हातात घेऊन बघा तरी.”

“तू जन्मायच्या आधीपासून ऐकतोय मी.”

“तेच तर म्हणतोय.”

त्या संध्याकाळी पाटावर ठोके वाजले नाहीत.

पुढे कुशला नावाच्या विणकरणीला ताप भरला आणि तिचा माग गप्प झाला. नवरा वारलेला, घरात दुसरे कोणी नाही. भद्रसाल चार म्हातारे घेऊन तिच्या दारात गेला आणि खुंट उपटायला सांगू लागला. धवल दारात आडवा उभा राहिला.

“तिला ताप आहे, बाबा.”

“ताप सगळ्यांना येतो.”

“मग माझा माग उपटा. गल्लीत सगळ्यात जास्त गप्प राहतो तो माझाच. तुमच्या कानांनाच विचारा.”

सगळी गल्ली बघत होती. एका तरी म्हाताऱ्याने ‘जाऊ दे भद्रसाला, पोरगा आहे’ एवढे म्हणायला हवे होते. कोणी म्हणाले नाही. एकाला तर गंमत वाटत होती. भद्रसालाला माघार घेता येईना. मुलाला सूट दिली असे चारचौघांत कसे म्हणवून घ्यायचे? तो आपल्या घरात गेला आणि धवलच्या मागाचे खुंट त्याने स्वतःच्या हाताने उपटले.

“एकाचा उपटला, पुरे झालं ना?” धवलने विचारले. “कुशलाचा राहू दे.”

भद्रसालाने म्हाताऱ्यांना हाताने मागे फिरवले. धवल त्याच्या पाया पडला, फणी कापडात गुंडाळली आणि गंगेपलीकडे निघून गेला.

हिवाळा संपता संपता अमात्य परत आला. बरोबर बैलगाड्या होत्या. भरुकच्छाहून कापड परत आले होते. त्याने एक गठ्ठा सोडला, वस्त्र झटकले, आणि ते घडीवरच फाटले.

“हे कापड आहे की कोळ्याचं जाळं?” तो ओरडला. “एवढ्यातला एकच गठ्ठा व्यापाऱ्यांनी ठेवून घेतला. तो कोणाचा होता?”

विणकर एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कुशला म्हणाली, “धवलचा. जाण्याआधी विणलेला. आता तो नदीपलीकडे असतो.”

अमात्य नाव करून पलीकडे गेला. एका लहान गावात धवल शेतकऱ्यांच्या पोरांना विणायला शिकवीत होता. अमात्याने त्याला ज्येष्ठकाचे पद देऊ केले, वर घर आणि सोने.

“त्या कट्ट्यावर माझे बाबा बसतात,” धवल म्हणाला. “पण रीत हवी तर घ्या. धागा तुटला की तिथेच थांबा आणि सांधा. दुपारच्या उन्हात माग बंद. कापड उजेडापुढे धरून मोजा, आवाजावर नको. थकलेला हात दोनदा विणतो. एकदा चुकीचं, एकदा उसवून.”

“आणि तुला काय देऊ?”

“बाबांना कट्ट्यावरून उठवू नका.”

राजाने तसेच केले. थांबणाऱ्या मागांवर जास्त कापड निघू लागले, सूत वाया जाईना, व्यापारी परतले, जकात भरली. भद्रसाल कट्ट्यावर राहिला. आपण कोणाच्या शब्दामुळे राहिलो, हे त्याला अमात्यानेच सांगितले.

आता दुपार झाली की गल्ली शांत होई. त्या शांततेत भद्रसाल बसून राही. मागे ज्या हाकेला रोज उत्तर मिळे ती हाक त्याच्या घशापर्यंत येई. घरी भात दोघांचा रांधला जाई. उरलेला तो गाईला घाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच रांधी. हात ऐकत नसे. मग तो घाटावर जाऊ लागला.

“बसताय ना, ज्येष्ठक?” नावाडी विचारी.

“वारा आहे आज.”

“वारा कुठला? पान हलत नाहीये.”

“उद्या बघू.”

कुशलाने त्याला तिथे पाहिले होते. एकदा ती म्हणाली, “घालवलंत तुम्ही, काका. तो आपणहून कसा येईल? तुम्ही जा.”

“जाऊन काय म्हणू?”

“काही म्हणू नका. दारात उभे राहा.”

एके दुपारी तो खरोखर नावेत बसला. पलीकडे उतरून गावाच्या वेशीपर्यंत चालत गेला आणि एका झाडाखाली टेकला. घर शोधायला त्याने कोणाला विचारले नाही. त्याने डोळे मिटले आणि तो ठोका ऐकू लागला. हजारात त्याला तो ओळखता आला असता.

एकही ठोका येईना.

दुपारी माग बंद असतात हे त्याला ठाऊक होते. त्याच्या गल्लीतही आता तेच होते. पण आयुष्यभर त्याला एकच शिकवण होती: आवाज नाही म्हणजे तिथे माणूस नाही. जीव कासावीस झाल्यावर तीच वर आली. विहिरीवरून येणाऱ्या एका बाईने विचारले, “कोणाकडे आलात, आजोबा?”

मुलाचे नाव त्याच्या ओठांवर होते. “कोणाकडे नाही,” तो म्हणाला. “सावलीला बसलोय.”

थोडा वेळ थांबून तो उठला. धवल इथूनही निघून गेला, असे तो धरून चालला. झाडापासून हाकेच्या अंतरावर धवल चटईवर झोपला होता. ऊन कलले, गावातले माग सुरू झाले, तेव्हा नाव नदीच्या मधोमध होती आणि वारा उलटा वाहत होता.

पुढे बुद्धांच्या काळी विहारातला एक वृद्ध स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, हातात झाडू नसलेल्या प्रत्येक तरुण भिक्षूला आळशी म्हणून हाकलून देई. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या जन्मीचा भद्रसाल म्हणजे हा स्थविर. माना डोलावणारे म्हातारे कोण, ते त्याच्याभोवती बसलेल्यांनी आपले आपण ओळखावे. कुशला आज भिक्षुणीसंघात आहे. धवल मीच होतो. त्या जन्मी मी वीर्यपारमिता, म्हणजे उद्योगाची परिपूर्णता, आचरली.”

दुपारी झोपणाऱ्याची वीर्यपारमिता कसली, असे एका भिक्षूने विचारले. शास्ते म्हणाले, “वीर्य म्हणजे आवाज नव्हे. कुठे थांबायचे हे जाणून तिथे थांबणे, आणि दुसऱ्याचा माग राहावा म्हणून आपला सोडणे, हेही वीर्यच.”

भद्रसाल पुन्हा नदीपलीकडे गेला नाही. मरेपर्यंत त्याला मुलगा दिसला नाही.