चाळीस आसवं आणि मिठाचं नगर

एका नगरात माणसांचं मीठ होऊ लागलं. ओसरीवर सुपारी कातरत बसलेला म्हातारा अडकित्ता हातात धरूनच पांढरा झाला. आईनं लेकीला हाक मारली, आणि हाक संपायच्या आत आईचे ओठ थिजले.

त्या नगरात कुसुंबा नावाची रंगारीण होती. नवरा सोमाजी नि ती मिळून लुगडी रंगवत. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, नीळ जरा ढवळा." उत्तर आलं नाही. वळून बघते तो सोमाजी रांजणापाशी उभा, हातात दांडका, आणि अंगभर पांढरा. कुसुंबा रडली नाही, ओरडली नाही. तिनं त्याच्या गालाला बोट लावलं आणि ते जिभेवर टेकवलं. मीठच होतं.

शापाची रीत मोठी वाईट. शाप लागलेला माणूस सात दिवस धडधाकट हिंडे, हसे, जेवे. त्याचा श्वास ज्याला लागे त्यालाही शाप लागे. आठव्या दिवशी त्याचं मीठ होई. कोण चांगला, कोण शापित, हे ओळखावं कसं? राजा वज्रकेतूनं दवंडी पिटवली आणि नगरातली सगळी दारं बंद केली; फक्त गल्लोगल्लीचे पाणके बाहेर पडत. तीन महिने दारं बंद राहिली. चुली विझत चालल्या. दाराआड उपाशी मरावं की दाराबाहेर मीठ व्हावं, एवढीच निवड उरली.

तेव्हा कुसुंबा सोमाजीच्या अंगावर घोंगडी टाकून घराबाहेर पडली आणि काळ्या डोंगरावर गेली. तिथं एक बोलका भारद्वाज पक्षी राहत असे. त्याच्या आसवात सत्य होतं.

"बाई, काय हवं?" भारद्वाज म्हणाला.

"शापित कोण ते कळायला हवं."

"माणसानं पाण्यानं चूळ भरली, की त्या चुळीत माझं आसू टाक. शाप असेल तर पाणी लाल होईल. पण माझ्याजवळ आसवं चाळीसच आहेत. आणि वचनं तीन हवीत. एक, कुणालाही वगळायचं नाही. दोन, जो सापडेल त्याला मारायचं नाही. तीन, सुरुवात स्वतःच्या गल्लीपासून करायची."

कुसुंबानं तिन्ही वचनं दिली. भारद्वाज चाळीस आसवं रडला, कुपी भरली, आणि तो तिच्या खांद्यावर बसून नगरात आला.

दरबारात प्रधान म्हणाला, "चाळीस आसवं म्हणजे चाळीस माणसं. आधी राजघराणं, मग सरदार."

"आणि बाकीचं नगर?"

"त्यांची दारं बंदच राहतील."

कुसुंबा म्हणाली, "प्रधानजी, चिमूटभर नीळ अख्खा रांजण निळा करते. त्यासाठी एकेक लुगडं वेगळं भिजवावं लागत नाही. दर माणसाच्या चुळीतलं पळीभर पाणी एका घड्यात ओतू, उरलेली चूळ त्याच्या नावानं वेगळी ठेवू. गल्लीला एक घडा, घड्याला एक आसू. पाणी निर्मळ राहिलं तर अख्खी गल्ली निर्मळ. लाल झालं तरच आत शोधायचं."

राजा म्हणाला, "करून पाहा, बाई."

नगरात गल्ल्या चोवीस. पहिला घडा रंगाऱ्यांच्या गल्लीचा. कुसुंबानं आसू सोडलं आणि पाणी कुंकवासारखं लाल झालं.

आपलीच गल्ली! सोळा घरं होती. तिनं आठ-आठ घरांचे दोन घडे केले. एक निर्मळ, एक लाल. लाल आठांचे चार-चार. मग दोन-दोन. मग एकेक. आठ आसवं गेली आणि एकच घर उरलं. त्या घरात एकटा राहत होता गोंदाजी, तिचा पाठचा भाऊ. गल्लीचा पाणक्या, तीन महिने गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर पाण्याची घागर ठेवणारा गोंदाजी.

"अक्का, मी?" तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला. "मला तर साधी शिंकसुद्धा नाही."

गल्लीतून कुणी ओरडलं, "जाळा त्याला!" एक कोयता चमकला. कुसुंबा दारात आडवी झाली. "वचन दिलंय मी. आणि तीन महिने तुम्ही कुणाच्या हातचं पाणी प्यालात?" कोयता खाली गेला. गोंदाजी स्वतःच्या पायांनी वेशीबाहेरच्या रिकाम्या मठात गेला. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं नि मागं सरायचं, असं ठरलं.

उरलेल्या तेवीस घड्यांचं पाणी निर्मळ राहिलं. भिंतीमागं लोक सुटकेचे हुंदके देऊ लागले.

प्रधान म्हणाला, "सापडला शापित. संपलं काम."

"राजवाडा राहिला," कुसुंबा म्हणाली.

"दरबाराच्या आत वाड्यात तीन महिने बाहेरचं कुणी शिरलेलं नाही. तिथं काय सापडणार?"

"कुणालाही वगळायचं नाही, असं माझं वचन आहे."

वाड्यात उरली होती आठ माणसं. राजानं स्वतः आधी चूळ भरली. आठांचा घडा दरबाराच्या मधोमध ठेवला, आसू पडलं, आणि पाणी लाल झालं. राणीच्या हातातलं तबक खणकन पडलं. चार-चार केले. दोन-दोन केले. शेवटी दोन वाट्या उरल्या, एक प्रधानाची, एक राजाची. प्रधानाच्या वाटीत आसू विरून गेलं. राजाची वाटी लालभडक झाली.

प्रधान दोन पावलं मागं सरला.

"हे शक्य नाही," राजा म्हणाला. "आठव्या दिवशी मीठ होतं. वाड्यात तीन महिने कुणी आलं नाही, आणि मी अजून जिवंत आहे."

भारद्वाज बोलला, "राजा, गळ्यात काय आहे?"

राजानं अंगरख्याआडून माळ काढली. टपोऱ्या पांढऱ्या मोत्यांची. "शाप यायच्या आधी एका मांत्रिकाच्या गुहेत सापडलेला खजिना. ही माळ लेणाऱ्याला मरण नाही, असं तिथं कोरलं होतं."

"कोरलं होतं ते खरंच. लेणाऱ्याला मरण नाही. त्याचं मरण इतरांना वाटलं जातं."

राजाचा चेहरा राखेसारखा झाला. दर आठवड्याला तो विहिरीच्या कट्ट्यावर येऊन पाणक्यांना आपल्या हातानं धान्य देत असे. या खेपेला गोंदाजीचा खांदा धरून त्यानं गल्लीची ख्यालीखुशाली विचारली होती.

"म्हणजे हे सगळं मी..." त्यानं माळ मुठीत धरली. मग त्यानं विचारलं, "माळ उतरवली तर?"

"माळ रंगाच्या पाण्यात विरघळेल. पण हात तुझाच लागेल, आणि त्या हाताचं काय होईल ते मला ठाऊक नाही."

राजा त्याच पावली कुसुंबाच्या अंगणात आला. घोंगडी पांघरलेल्या सोमाजीला त्यानं नमस्कार केला आणि माळेसकट हात निळीच्या रांजणात बुडवला. मोती फुटल्याचा आवाज आला. हात बाहेर निघाला तो मनगटापर्यंत मिठाचा होता. तेवढ्यात घोंगडी हलली.

"अगं, हे काय पांघरलंस माझ्यावर?" आतून सोमाजी म्हणाला.

कुसुंबा मटकन खाली बसली. तीन महिने न आलेलं रडू तिला आता आलं.

नगरभर मिठाची माणसं पुन्हा हाडामांसाची झाली, आणि मठातून गोंदाजी परतला. एकच आसू उरलं होतं. साऱ्या नगराच्या चुळींचं पळीपळी पाणी एका मोठ्या हौदात ओतलं आणि कुसुंबानं ते शेवटचं आसू सोडलं. पाणी आभाळासारखं निर्मळ राहिलं.

दवंडी पिटली, दारं उघडा. कड्या निघाल्या, दारं उघडली, पण उंबरा कुणी ओलांडेना. माणसं आपल्याच गल्लीकडे परक्यासारखी बघत राहिली. तेव्हा राजा अनवाणी रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि पांढरा हात वर करून म्हणाला, "चूक माझी होती. भय संपलं. या."

आधी एक म्हातारी आली, काठी टेकत. मग तिची शेजारीण. मग गल्लीच्या गल्ल्या.

अशी त्या नगराची दारं उघडली. ऐकणाऱ्यांच्या घरची दारं सदा उघडी राहोत, आणि येणारा पाहुणा सुखानं आत येवो.