परटाने केलेली तीन फुले

एका राज्यात बारा वर्षे एकही फूल उमलले नव्हते. झाडे होती, पाने होती, कळ्याही धरत. पण उमलायच्या दिवशी कळी देठापासून गळून पडे आणि उकलून पाहिली तर आत चिमूटभर राख निघे. लोक देवाला पाने वाहत, नवऱ्या मुली केसांत दूर्वा माळत. एवढ्यावर भागले असते, तर कुणी फारशी कुरकुर केली नसती. पण त्या राज्यात मेलेल्या माणसाला घराबाहेर पडायला फूल लागे.

तिथली रीत अशी होती. माणूस गेले, त्याच्या देहाची नदीकाठी राख झाली, तरी ते घरात उभे असे आणि सगळ्यांना दिसे. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी उंबऱ्यावर एक फूल ठेवायचे. बोलायचे काही नाही. गेलेले माणूस ते फूल ओलांडून बाहेर पडे आणि पुन्हा दिसत नसे.

फुले संपली, तशी मेलेली माणसे घराघरांत उभी राहिली. ती बोलत नसत, बसत नसत, दाराकडे पाहत असत. काही महिन्यांनी त्यांच्या टाचा चुन्यासारख्या पांढऱ्या पडत, मग पोटऱ्या, मग कंबर. वर्ष भरले की ती मागच्या भिंतीत मिसळून जात. अशा भिंतीवर खुंटी ठोकायला कुणी धजत नसे.

हे सारे राजा वीरकेतूच्या एका हुकमामुळे झाले होते. लढाई जिंकून येताना त्याने राज्यातली सगळी फुले तोडून हत्तींच्या वाटेवर पसरायला सांगितली. त्याच दिवशी डोंगरावरच्या धुमाली नावाच्या जादूगारणीच्या लेकीचा तिसरा दिवस होता. धुमाली फूल शोधत खाली आली, तेव्हा वेलींवर नुसते देठ उरले होते. ती राजाच्या हत्तीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या राहीनं फूल ओलांडेपर्यंत तुझ्या राज्यात फूल उमलणार नाही."

पुढे तिने निरोप धाडला, की कागद माझा, हात तुमचे. माझ्या पेटीतल्या कागदाचे फूल करून द्या. राजाने चितारी पाठवला, सोनार पाठवला, जरीकाम करणारे पाठवले. डोंगरावर गेलेला एकही कारागीर परत आला नाही.

हैबती हा राजवाड्यातला परीट. राजाच्या अंगरख्यांना खळ लावून, लाकडी मोगरीने कुंदी करून, त्यांतली शेवटची सुरकुती घालवणे हे त्याचे काम. तीस वर्षे त्याने दुसरे काही केले नव्हते. त्याची बायको गोजरा तापाने गेली, त्याला आता वर्ष होत आले होते. ती चुलीपाशी उभी होती आणि चुना तिच्या छातीपर्यंत चढला होता. हैबती रोज तिच्याशी बोले. "आज भाकरी करपली बघ," म्हणे. "शेजारची म्हैस व्याली." ती दाराकडे पाहत राही.

वर्ष भरायला नऊ दिवस उरले, तेव्हा तो दरबारात जाऊन उभा राहिला.

"तू कोण?" राजाने विचारले.

"महाराजांच्या कपड्यांना कुंदी करतो."

"फुलं केली आहेस कधी?"

"नाही, महाराज."

एक सरदार हसला. "आता परीटच काय तो उरला होता!"

"उरलोय म्हणूनच आलो, सरदारसाहेब," हैबती म्हणाला.

राजा हसला नाही. त्याच्या सिंहासनामागच्या भिंतीत त्याची आई होती.

तीन दिवस चालून हैबती डोंगरावर पोचला. धुमालीच्या घराभोवतीच्या झाडांवर पाखरेच पाखरे बसली होती, पण एकही ओरडत नव्हते. दारात सातआठ वर्षांची मुलगी उभी होती. तिच्या पापण्या हलत नव्हत्या. तिच्यासमोर गुडघे टेकून एक पिकल्या केसांची बाई बसली होती आणि करवंटीच्या तुकड्याने त्या मुलीच्या पायांवरचा चुना हळूहळू खरवडत होती. पांढरी पूड सुपात पडत होती.

"रोज खरवडावा लागतो," मागे न बघता धुमाली म्हणाली. "बारा वर्षं झाली, आता एक दिवस चुकला, तर गुडघ्यापर्यंत येतो. कोण तू?"

"परीट आहे, बाई. फूल करायला आलोय."

तिने वळून त्याचे हात पाहिले. खळीने ते पांढुरके झाले होते. ती म्हणाली, "पेटीत तीन ताव निघतील. एका दिवसाला एक ताव, एका तावाचं एक फूल. पहिलं माझ्या डोळ्यांनी ओळखावं. दुसरं वाऱ्यानं ओळखावं. तिसरं माझ्या लेकीनं ओळखावं. चुकलास तर त्या झाडांवर जागा पुष्कळ आहे."

तेव्हा हैबतीला कळले, की ती पाखरे कोण होती.

पडवीत लाकडी पेटी होती, तिच्याजवळ कात्री, दोरा, बांबूच्या काड्या. पेटीत पांढऱ्या कागदाचा ताव होता. असा कागद त्याने कधी पाहिला नव्हता. तावभर बारीक बारीक चुण्या होत्या, एकाला एक लागून, म्हातारीच्या ओठांवर असतात तशा. हैबतीने ताव गुडघ्यावर घेतला आणि सवयीने दोन्ही तळव्यांनी त्याच्या चुण्या काढायला लागला. कागद लांबला, गुळगुळीत झाला आणि मलूल होऊन खाली लोंबला.

"अहो परीटबुवा!" पेटीच्या झाकणावरून कुणी तरी म्हणाले. शेपटी दुभंगलेला काळा कोतवाल पक्षी तिथे येऊन बसला होता. "तो काय राजाचा अंगरखा आहे? चुणी म्हणजे त्या कागदाचा जीव. एकदा ओढलात की परत येत नाही."

"तू कोण, पाखरा?"

"दरबारचा चितारी होतो. अंबाजी. आता दाणे टिपतो. उरलाय का काही ताव?"

"वीतभर उरलाय."

"मग ऐका. पाकळी कापायची ती चुण्या उभ्या ठेवून, देठाकडून टोकाकडे. आडवी कापलीत तर मेलीच. मग दोन्ही अंगठे मधोमध ठेवायचे आणि बाहेरच्या बाजूला जरासं ताणायचं. मधेच फक्त. कडेला हात लावायचा नाही."

हैबतीने पाकळी कापली आणि ताणली. ती फाटली. दुसरी आडवी कापली गेली. तिसरीच्या मध्यात त्याने अंगठे टेकवले आणि श्वास रोखून जरासे ताणले, तर पाकळीला आपोआप पोट आले, ओंजळीसारखे. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"चौथी करा," पाखरू म्हणाले. "कौतुक मागाहून."

देठाशी दोरा बांधताना पाकळ्या फिरत होत्या. खळ मात्र त्याने स्वतः कालवली. ती कितपत पातळ हवी हे पाखराने सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "खळीचं मला शिकवू नकोस." संध्याकाळी पाच पाकळ्यांचे एक लहानसे फूल तयार झाले. एक पाकळी आखूड होती.

धुमालीने ते हातात घेतले. "तगर," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पेटीत फिकट हिरवा ताव होता. वारा पाकळीला ओळखत नाही, असे पाखराचे म्हणणे पडले. हैबतीने ताव उजेडाकडे धरून पाहिला. मग त्याने एक लांब पट्टी कापली आणि तिला एका बाजूने कात्री मारत गेला, धाग्याएवढ्या अंतरावर. पट्टीची झालर झाली. ती काडीभोवती गुंडाळून त्याने दोऱ्याने आवळली आणि झालर बोटांनी बाहेर मोकळी केली. शिरीषाच्या फुलात दुसरे असते काय? धुमालीने ते उंबऱ्यावर धरले. बाहेर झाडाचे एक पान हलत नव्हते. तरी फुलाचे सारे तंतू थरथरले आणि घरभर शिरीषाचा वास आला. तो वास राहीपर्यंत पोचला, पण ती जागची हलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून लाल ताव निघाला.

"मी याचं कमळ केलं होतं," पाखरू म्हणाले. "तळ्यातल्यापेक्षा सुंदर. बाईंनी नुसतं पाहिलं आणि माझ्या दंडांना पिसं फुटली. सोनारानं गुलाब केला, त्याला दवबिंदूसुद्धा लावले. तो बघा, तिकडे, पोपट."

"मग काय करू?"

"ते माहीत असतं तर मी झाडावर राहिलो असतो का? तिसरं दुपार व्हायच्या आत द्यायचं, एवढं ध्यानात ठेवा. मी चार दाणे टिपून येतो."

हैबती ताव मांडीवर घेऊन बसला. समोर राही उभी होती. तिच्या टाचांवर आज पुन्हा पांढरे आले होते. त्याला गोजराच्या टाचा आठवल्या. आता चुना कुठवर गेला असेल? हनुवटीपर्यंत? तोंड बुजल्यावर तिच्याशी बोलावे की बोलू नये? परत जायला तीन दिवस, आणि उरलेले दिवसही तीनच. आणि फूल मिळाले, तर ती जाणार. मग घरी कुणाला सांगायचे, की भाकरी करपली?

असा विचार करत तो बसला आणि त्याचे अंगठे तीस वर्षांच्या सवयीने चालत राहिले.

"परीटबुवा!" पाखरू परत आले होते. "काय करून बसलात!"

हैबतीने खाली पाहिले. सबंध ताव गुळगुळीत झाला होता. एक चुणी शिल्लक नव्हती.

पाखराने ताव चोचीने उलटून पाहिला. मग म्हणाले, "माझ्या फांदीवर या. तिथं ऊन लागत नाही."

हैबतीने कात्री उचलली. लाल रंग होता, म्हणून जास्वंदीच्या पाच मोठ्या पाकळ्या कापल्या. त्यांना पोट येईना, कड धरेना. त्याने त्या तशाच देठाला बांधल्या, मधे बांबूच्या काडीचा पिवळा तुरा लावला. पाकळ्या एकमेकींना चिकटून खाली वळल्या. बोटांचा घाम लागला, तिथे रंग काळपट झाला. उन्हात दिवसभर पडलेली, पायाखाली आलेली जास्वंद असते, तसे ते दिसू लागले. त्याने ते उचलले आणि उंबऱ्यावर ठेवले.

धुमालीने पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय, बाई?"

"त्या दिवशी हे मिळालं होतं." तिचा आवाज अगदी खाली गेला. "हत्ती गेल्यावर, वाटेवर. एकच. असंच चिरडलेलं. मी ते हातात घेतलं होतं. म्हटलं, माझ्या लेकीला असलं फूल? आणि टाकून दिलं." तिने हात उचलला. हैबतीच्या दंडांना खाज सुटली, कातडीखालून काहीतरी टोचू लागले. "तुलाही उडवते. थांब."

इतक्यात राही खाली वाकली. बारा वर्षांत ती पहिल्यांदा हलली होती. तिने त्या फुलाकडे जवळून पाहिले, जसे लहान मूल मुंग्यांकडे पाहते. मग तिने एक पाय उचलला.

"राही, नको," धुमाली म्हणाली.

मुलगी पाय तसाच अधांतरी धरून थांबली आणि आईकडे बघू लागली.

"बाई," हैबती म्हणाला, "माझ्याही घरी एक उभी आहे. फूल नाही म्हणून थांबलीय, असं मी सगळ्यांना सांगतो. पण मघाशी या कागदावर माझे हात फिरत होते, तेव्हा मी मनात म्हणत होतो, हे फूल न जमलेलंच बरं."

धुमाली त्याच्याकडे बघत राहिली. तिचा हात खाली आला. ती लेकीजवळ गेली, तिच्या खांद्यावरची पांढरी पूड तिने पदराने झटकली आणि कपाळावर आलेले केस कानामागे सारले.

"बाहेर ऊन आहे," ती म्हणाली. "सावलीसावलीनं जा."

राहीने उंबरा ओलांडला. अंगणात दोन पावले दिसली आणि तिसरे कुठे दिसले नाही.

मग डोंगरावरच्या झाडांखाली माणसे धपाधप पडू लागली. अंबाजी चितारी पेटीवरून खाली आला आणि आधी त्याने आपली बोटे मोजली. पोपट झालेला सोनार विचारत होता, की कुणाकडे धोतर आहे का. धुमाली त्या गलक्यात करवंटी हातात घेऊन बसून होती. हैबतीने तिच्या पायांना हात लावला आणि तो डोंगर उतरू लागला.

तो उतरत होता आणि त्याच्या पुढे पुढे फुले उमलत होती. घाणेरी, तेरडा, कुंपणावरची गोकर्ण, टाकळ्याची पिवळी फुले. गावांतून लोक फुले घेऊन धावत होते, उंबऱ्यांवर ठेवत होते, भिंतींच्या पायथ्याशीही ठेवत होते. भिंतींतून बारीक चुना झरत होता. राजा वीरकेतू अनवाणी सिंहासनामागे गेला आणि त्याने तिथे एक फूल ठेवले. झाडावरचे शेवटचे फूल राजासाठीसुद्धा तोडायचे नाही, असा हुकूम त्याने त्याच दिवशी काढला. आजही तो पाळतात.

वर्ष पुरे व्हायच्या दिवशी दुपारी हैबती घरी पोचला. गोजराचे डोळे तेवढे उरले होते. त्याने कुंपणावरून गोकर्णीचे एक निळे फूल तोडले होते. ते हातात धरून तो उंबऱ्यापाशी बसला. तिला प्रवासातले सगळे सांगितले. पाखराचे सांगितले, सोनाराच्या धोतराचे सांगितले. सांगून संपले, तरी तो बसून राहिला. उन्हे ओसरीवरून अंगणात गेली. चुना तिच्या भुवयांपर्यंत आला.

तेव्हा त्याने फूल खाली ठेवले आणि तिला वाट मिळावी म्हणून तो बाजूला सरकला.

ती गेली. चुलीमागची भिंत नुसती भिंत राहिली. हैबतीने घर झाडले, पांढरी पूड सुपात भरून अंगणात टाकली. मग दिवे लागायच्या वेळी त्याने डब्यातून एका भाकरीपुरते पीठ काढले.

इथवरची गोष्ट त्या राज्यातली. पुढची ज्याच्या त्याच्या घरातली.