शास्त्रीबुवांचा पहिला प्रसाद

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन असं तापलं होतं, की देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. वाऱ्याची झुळूक नाही, ढगाचा पत्ता नाही. तरी राजेसाहेबांसकट सगळं गाव सभामंडपात गोळा झालं होतं. गोंदाजी गुरवाच्या हातून देवळाची पूजा जाणार होती ना!

गोंदाजी रोज "हरी, हरी" म्हणत देवाला आंघोळ घालायचा, लोणी-साखरेचा नैवेद्य दाखवायचा. शिकलेला नव्हता बिचारा. वैजनाथशास्त्र्यांना ती पूजा आपल्या जावयाला द्यायची होती. जावई तरी कसा? खाऊन झोपण्यात पटाईत!

शास्त्रीबुवांनी शेंडी उडवली. "महाराज, शास्त्रात हरी म्हणजे विष्णू, हे खरं. पण सिंहही हरी, घोडाही हरी! माकड, पोपट, साप, बेडूक, सगळे हरीच! हा अडाणी नैवेद्य कुणाला दाखवतो, हे ह्यालाच ठाऊक नाही!"

राजेसाहेब एकदा हट्टाला पेटले की पेटले. "गुरवा, तुझा हरी कोण ते आत्ता सांग. शास्त्रीबुवांनी ते खोडलं, तर देवळाची किल्ली त्यांच्या जावयाला!"

"विष्णू, महाराज."

"कशावरून?" शास्त्रीबुवा खेकसले. "बेडूक नाही कशावरून? कुठल्या पोथीत वाचलंस? सिंह म्हणालास तर मी माकड काढीन, माकड म्हणालास तर घोडा! बोल रे, बेडकाच्या पुजाऱ्या!"

लोक खो खो हसले. गोंदाजीनं उपरण्यानं घाम पुसला. घाई त्याला कधीच नसायची.

"बुवा, मला नाही जमत. तुम्हीच सांगा. पण आधी एक विचारू?"

"विचार, विचार!"

"नैवेद्य झाला की पहिला प्रसाद कुणाचा?"

"माझा! बारा वर्षं तो मान माझाच आहे!"

"एकही दिवस चुकला नाही?"

"तापात पडलो होतो, तेव्हासुद्धा वाटी घरी मागवली!"

"आणि प्रसाद म्हणजे देवाचं उष्टंच, नाही का?"

"अर्थात! हरीनं चाखल्याशिवाय आम्ही..." शास्त्रीबुवा मधेच थांबले.

गोंदाजीनं कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि हात जोडले. "मग गावासमोर सांगा, बुवा. बारा वर्षं तुम्ही कुणाचं उष्टं खाल्लंत? बेडकाचं म्हणा, मला मान्य. माकडाचं म्हणा, तेही मान्य. किल्ली घ्या आणि जा."

शास्त्रीबुवांचं तोंड नुसतं उघडमीट व्हायला लागलं. कशासारखं ते सांगणार होतो, पण राहू दे.

"बेडकाचं असेल, तर प्रायश्चित्त काय हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"विष्णूचं!" शास्त्रीबुवा किंचाळले. "विष्णूचंच! दुसऱ्या कुणाचं असणार?"

"बघा, आता हे खोडायचं आहे का?" गोंदाजीनं हळूच विचारलं.

राजेसाहेब इतके हसले, की त्यांचं पागोटं घरंगळत खांबापाशी गेलं. तेच उचलून त्यांनी गोंदाजीच्या डोक्यावर ठेवलं. "पूजा तुझी, तुझ्या मुलाबाळांची! आणि शास्त्रीबुवा, उद्यापासून प्रसादाच्या रांगेत तुम्ही सगळ्यांच्या मागे!"

गोंदाजी किल्ली कमरेला खोचून घरी निघाला. शेजारची चंद्रा कासारीण देवळातून त्याच्या आधीच परतून ओट्यावर बांगड्या निवडत बसली होती. त्याला बघून म्हणाली, "गोंदाबा, उद्या बुवांची पाळी आली की आधी विचारून घ्या हं, आज कुणाचं उष्टं वाढू?"